वेगळंच आहे हं

५ जानेवारी, सोमवार

आजपासून मी नवकल्पना प्रमुख. कालपर्यंत माझ्याकडे रजा, विमा आणि निरोपाचे केक होते. ते काढून घेतलेले नाहीत, फक्त खोलीच्या दारावरची पाटी बदलली.

क्रेग ॲरिझोनातल्या तीन दिवसांच्या परिषदेहून परत आलाय. नाकाचं साल निघालंय आणि डोळ्यांत तेज आहे. त्याच्या आजोबांनी मिनेसोटाच्या या टोकाला बर्फ उपसायची फावडी करायला सुरुवात केली, वडिलांनी ती लाल रंगवली, आणि क्रेग आता त्यांना ‘हिवाळी अनुभव’ म्हणायचं ठरवून आलाय. मला त्यानं एक जाडजूड फाइल दिली. पहिल्या पानावर तीनच शब्द. शिकणं, विश्वास, समावेश.

“ब्रिटा,” तो म्हणाला, “कल्पना वरून येत नाहीत. माणसांमधून येतात. तू फक्त वातावरण तयार कर.”

मग त्यानं दार लावलं आणि सांगितलं की तीन मार्चला एका मोठ्या दुकानसाखळीची खरेदीप्रमुख येणार आहे. तोवर आपल्याच माणसांकडून एक नवं फावडं निघालं तर बरं. नाही तर संध्याकाळची पाळी बंद. एकतीस माणसं.

“हे त्यांना सांगायचं का?” मी विचारलं.

“छे! विश्वासाचं वातावरण बिघडेल.”

पटलं. घाबरलेल्या माणसाला काय सुचणार? हे ओझं मी एकटीनं वाहायचं. प्रमुख होणं म्हणजे बहुधा हेच.

दुपारी उन्हाळी सुट्ट्यांचा नवा तक्ता जेवणघराच्या भिंतीवर लावला. क्रेगनं करून दिलाय. दोनऐवजी एकच रकाना, छान सुटसुटीत.

९ जानेवारी, शुक्रवार

पहिलं विश्वास-वर्तुळ! संध्याकाळच्या पाळीच्या एकतिसांपैकी सव्वीस जण आले. खुर्च्या गोल मांडल्या, मध्ये केक ठेवला. फाइलीत लिहिलंय की प्रत्येकानं आपली एक चूक मोकळेपणानं सांगावी.

 फ्रीज घरघरत होता. शेवटी आर्डिस टोलेफसननं हात वर केला. एकोणतीस वर्षं रिव्हेट मारतेय ती, माझ्या आईबरोबर चर्चमध्ये गायची.

“मी एकदा नवऱ्याला हो म्हटलं होतं,” ती म्हणाली.

सगळे हसले. मला वाटलं, फुटली कोंडी. पण मग पुन्हा फ्रीज. फोर्कलिफ्टवाला डुएन बाराही महिने कान झाकणारी टोपी घालतो, तो टोपीतून केककडे बघत बसला. शेवटी मीच माझी चूक सांगितली. एकदा विम्याचा अर्ज मी चुकीच्या पेटीत टाकला होता.  माणसांसमोर असं उघडं होणं सोपं नसतं.

जाताना प्रत्येकाकडून अभिप्रायाची चिठ्ठी घेतली. सव्वीसांपैकी एकोणीस जणांनी एकच लिहिलंय, ‘वेगळंच होतं हं.’

वेगळंच! पहिल्याच दिवशी!

२२ जानेवारी, गुरुवार

रात्रभर बर्फ पडला. तीनच्या सुमारास मागच्या अंगणात गेले तर पॅकिंगमधली हिबाक ट्रक लावायची जागा मोकळी करत होती. चाळिशीची आहे, सोमालियाहून येऊन एकोणीस वर्षं झाली. तिच्या हातात जे होतं त्याला फावडं म्हणवेना. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाचा कापलेला तुकडा, त्याला गुडघ्यासारखा वाकवलेला दांडा, चिकटपट्ट्या, आणि पाच-सहा रिव्हेट.

“हे कुणाचं?”

“इथलंच,” हिबाक म्हणाली.

“आपण फावडी बनवतो, हिबाक. लाल. आत चार हजार पडलीयत.”

“हो,” ती म्हणाली. “दिसतात.”

मला रागावायचं नव्हतं. पण खरेदीप्रमुख आली आणि तिनं आपल्याच अंगणात हे ध्यान पाहिलं तर? मी एक चिठ्ठी लिहिली, ‘आपल्या अंगणात आपलंच फावडं!’ खाली हसरा चेहरा काढला, आणि ते निळं फावडं भंगाराच्या पेटीत टाकलं. आर्डिस दारात उभी होती.

“हं,” ती म्हणाली. “ते तू ठरवायचंस, पोरी.”

माझ्या अधिकाराला तिनं असा मान दिला, बरं वाटलं.

२६ जानेवारी, सोमवार

पाठदुखीच्या तीन रजा एकदम. तिघंही अंगण साफ करणारे. साथ असावी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कल्पनांच्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या आज काढल्या. महिन्याभरात चौदा. त्यातल्या अकरांवर लिहिलंय, ‘मायक्रोवेव्ह दुरुस्त करा.’ एकीवर क्रेगचं चित्र आहे, तो फावड्यात बसलाय आणि उतारावरून घसरतोय. एकीवर ‘खिडकी’ एवढंच. एक कोरी.

क्रेगला दाखवल्या. मायक्रोवेव्हवर तो म्हणाला, “ही तक्रार आहे, कल्पना नव्हे.” मी त्या अकरा चिठ्ठ्या ‘पुढे बघू’ या सदरात लावल्या. कोऱ्या चिठ्ठीवर मात्र आम्ही अर्धा तास बोललो. क्रेगला तीच सगळ्यात धाडसी वाटली.

घरी येताना उदास वाटलं. एकतीस माणसं. रोज त्यांना हसून विचारते, आज काही सुचलं का? आणि त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकही नाही की मी काय विचारतेय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रेगचा धीर सुटला. ॲरिझोनात भेटलेल्या एका तज्ज्ञाकडून त्यानं फावडं करून आणलंय. पारदर्शक. काचेसारखं. “बर्फ उचलताना बर्फ दिसतो!” क्रेग म्हणाला. तज्ज्ञ वाळवंटातल्या फीनिक्सचा आहे.

“पण आपल्या माणसांकडून यायला हवं होतं ना?” मी विचारलं.

“त्यांच्यासमोर मांड. ते स्वीकारतील, म्हणजे त्यांचंच झालं.”

वर्तुळात मांडलं. फावडं हातोहात फिरलं. आर्डिसनं ते दिव्याकडे धरून त्यातून माझ्याकडे पाहिलं. “अशी कल्पना कुणाला सुचली असती!” ती म्हणाली. दुसरी म्हणाली, “काहींना आवडेल.” डुएननं पात्यावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं, आणि पुढे दिलं. हिबाक म्हणाली, “वेगळंच आहे हं.” मग सगळेच म्हणाले. मी मोजलं, सव्वीसांपैकी बावीस.

अहवालात लिहिलं की बावीस जणांनी उत्स्फूर्तपणे ‘वेगळंच आहे’ असा गौरव केला. क्रेग खूश.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

समावेश-भोजन. संध्याकाळच्या पाळीला एक वाजता मुद्दाम लवकर बोलावलं. प्रत्येकानं आपल्या संस्कृतीचा पदार्थ आणायचा. आर्डिसनं हॉटडिश आणली, सगळं एका भांड्यात कालवून भाजलेली, वर बटाट्याचे तळलेले गोळे ओळीनं रचलेले. “माझी संस्कृती म्हणजे मश्रूम सूपचा डबा,” ती म्हणाली. हिबाक आणि पॅकिंगच्या इतर आठ जणींनी परातभर सामोशासारखे सांबुसे आणले, आमच्यासाठी.

त्या नऊ जणींनी मात्र काहीच खाल्लं नाही. ताटं नीट फॉइलमध्ये बांधली आणि बाजूला ठेवली. मी प्रत्येकीजवळ जाऊन आग्रह केला, एकीच्या तोंडापुढे तर घाससुद्धा धरला. पाणीही नको म्हणाल्या. लाजतात. मी हिबाकला म्हटलं, “इथे तुम्हाला मोकळं वाटावं म्हणूनच तर हे सगळं केलंय.”

“छान आहे,” ती म्हणाली. “घरी नेते.”

त्यांना मोकळं करायला अजून वेळ लागेल. आर्डिस माझ्याकडे बघत होती, जसं कुणी पातळ बर्फावर चालणाऱ्याकडे बघतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहिताना कान तापलेत.

आज पारा शून्याखाली वीस. पाळी सुरू व्हायच्या आधी मी पारदर्शक फावडं घेऊन मागच्या अंगणात गेले. खरेदीप्रमुखाला मीच चालवून दाखवीन असं मनात होतं. पहिला घाव घातला. टण्ण असा आवाज झाला, पाण्याचा पेला पडावा तसा, आणि पात्याचे तीन तुकडे. हातात नुसता दांडा.

मागे हिबाक उभी होती. हसली नाही. तुकडे गोळा करायला खाली वाकली.

“आम्ही सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“कधी?”

“सगळ्यांनीच. त्या दिवशी. वेगळंच आहे म्हणून.”

मी हातातला दांडा खाली ठेवला.

“मी इथे आले ना,” ती म्हणाली, “तेव्हा पहिलं वर्षभर मलाही वाटायचं की लोक माझं कौतुक करतात. घराला नारिंगी रंग दिला, शेजारी म्हणाली, वेगळाच आहे हं. मी उरलेला रंग तिला द्यायला गेले! मग एद्दोनं मला बसवून शिकवलं.” आर्डिसला ती एद्दो म्हणते, म्हणजे आत्या. “वेगळंच आहे म्हणजे वाईट आहे. काहींना आवडेल म्हणजे वेड्यांना आवडेल. ते तू ठरवायचंस म्हणजे चुकतेयस. ब्रिटा, तू तर इथे जन्मलीस ना गं?”

जन्मले. आईनं माझ्या पडद्यांना, माझ्या केसांना, माझ्या पहिल्या नवऱ्याला वेगळाच आहे हं म्हटलेलं मी ऐकलंय. तेव्हा दर वेळी बरोबर कळलं होतं. मग या दोन महिन्यांतच काय झालं होतं मला?

“आणि शुक्रवारी,” हिबाक म्हणाली, “रमजानचा तिसरा रोजा होता.”

त्या दिवशी पुढे केलेला घास मला आठवला. माझ्या तोंडून निघून गेलं, “हिबाक, तुमची पाळी बंद होणार आहे.”

“माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“तूच. पाच जानेवारीला. सुट्ट्यांच्या तक्त्यात संध्याकाळचा रकानाच नाही. डुएननं पहिल्यांदा पाहिलं.”

“मग हे सगळं... वर्तुळं, चिठ्ठ्या... तुम्ही येत कशाला राहिलात?”

“केक असायचा,” ती म्हणाली. मग तुकडे उचलत, “आणि वाटायचं, आज सांगेल. आज तरी सांगेल.”

२५ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही. आज पाळीआधी आर्डिस आणि हिबाकबरोबर आर्डिसच्या पिकअप ट्रकमध्ये बसले. मागच्या सीटवर निळं फावडं, घोंगडीत गुंडाळलेलं. भंगारातून तिनं त्याच दिवशी उचललं होतं.

नऊ वर्षं झाली त्याला. पिंपाचं प्लॅस्टिक थंडीत तडकत नाही आणि ओला बर्फ त्याला चिकटत नाही, हे हिबाकच्या लक्षात आलं. दांडा कुठे वाकवला की कंबर वाकवावी लागत नाही, ते आर्डिसनं शोधलं. हे चौथं. आधीची तीन झिजली.

“कारखान्याचं अंगण कारखान्याच्या फावड्यानं कधी निघालंच नाही, पोरी,” आर्डिस म्हणाली. “लाल रंगाला बर्फ असा बिलगतो, जसा धाकटा मुलगा आईला.”

“मग एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं का नाही?”

“क्रेगच्या बापाला दाखवलं होतं. म्हणाला, वेगळंच आहे.”

हिबाक म्हणाली, “फावडं देतो. आधी कागद हवा. पाळी चालू राहील, आणि फावडं आम्हा दोघींचं आहे, असं लिहून.”

“थोडा विश्वास...” मी सुरुवात केली आणि माझीच जीभ चावली.

“विश्वास आहे ना,” हिबाक म्हणाली. “लेखी असू दे.”

२६ फेब्रुवारी, गुरुवार

क्रेगला फुटलेले तुकडे दाखवले. निळ्या फावड्याचं सांगितलं. कागदाचं सांगितलं.

पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. “बघ! वातावरण तयार केलं की कल्पना येतात!” मग पडला. “पण कागद? ब्रिटा, कागद मागणं म्हणजे आपल्यावर अविश्वास. दीड महिना आपण काय केलं मग? घेऊन ये ते फावडं, पुढचं बघू.”

आर्डिसचा ट्रक कधीच कुलूपबंद नसतो. हे मला माहीत आहे हे क्रेगलाही माहीत आहे. चार वाजता मी कोट घालून दारापर्यंत गेले. गेले, हे इथे लिहून ठेवते. दहा मिनिटं दाराच्या काचेतून ट्रककडे बघत उभी होते, आणि मग परत येऊन विम्याचे अर्ज लावत बसले. शौर्य वगैरे काही नाही. नुसते पाय गेले नाहीत.

३ मार्च, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते.

अडीच वाजता खरेदीप्रमुख आली. लोरेन नाव, आमच्याच बाजूची, बुटांवरून कळलं. क्रेगनं दुसरं पारदर्शक फावडं तिच्या हातात दिलं आणि माझा अहवाल पुढे केला. अंगणातच तिनं तो उघडला.

“सव्वीसांपैकी बावीस जणांनी...” ती वाचायची थांबली. “अरे देवा. बावीस जण म्हणाले, वेगळंच आहे?”

“उत्स्फूर्तपणे!” क्रेग म्हणाला.

ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही स्वतः इथे काय वापरता?”

क्रेग माझ्याकडे बघून हसत होता. त्या हसण्यात पुढचं वाक्य तयार होतं, मी फक्त म्हणायचं होतं.

“हे तडकतं,” मी म्हटलं. “गेल्या मंगळवारी माझ्या हातात तडकलं. चांगलं फावडं त्या ट्रकमध्ये आहे. नऊ वर्षांपासून आहे. माझ्या कार्यक्रमातून आलेलं नाही. मी ते भंगारात टाकलं होतं.”

एवढी सरळ सहा वाक्यं मी या गावात सलग कधी बोलले नव्हते. कुणाला बघवेना. क्रेग बुटाच्या टोकानं बर्फ उकरू लागला.

लोरेन आर्डिसच्या ट्रककडे चालत गेली. आत बसलेल्या हिबाकनं काच खाली केली. तिनं लोरेनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. “कागद आणलास?”

मी क्रेगकडे पाहिलं. लोरेननंही पाहिलं. तो आत गेला. दहा मिनिटांनी टाइप केलेला, सही केलेला कागद घेऊन आला. साक्षीदार म्हणून खाली माझं नाव. मी भराभर वाचला. दोघींची नावं होती, पाळीचं होतं. बोटं बधिर झाली होती. सही केली.

“वाचलंस?” हिबाकनं विचारलं.

“हो.”

“मग झालं.” आणि तिनं कागद उघडूनही पाहिला नाही. फावडं घेऊन खाली उतरली.

चार मिनिटांत ट्रकभर जागा मोकळी. बर्फ पात्यावरून असा सुटत होता की लोरेननं तिच्या हातातून फावडं मागून घेतलं आणि कोट काढून स्वतःच उपसू लागली. पुढच्या हिवाळ्यासाठी पाच हजार हवीत म्हणाली, क्रेगशी हात मिळवून गेली.

तीन वाजता पाळी आली. मी जेवणघरात सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या होत्या तशाच राहू दिल्या. कागद हातात घेऊन म्हटलं, “हा मोठ्यानं वाचते. शंका असेल तर विचारा.”

वाचला. तिसऱ्या ओळीशी आले, तोच डुएननं टोपी काढली. सोळा वर्षांत त्याचं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं.

“जानेवारीतच का नाही सांगितलंस?” तो म्हणाला.

फाइलीत याला उत्तर होतं. वातावरण, जबाबदारी, योग्य वेळ.

“घाबरले,” मी म्हटलं.

त्यानं टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “बरं. तिसरी ओळ परत वाच. हळू.”

मी वाचली. संध्याकाळची पाळी पुढील मार्चपर्यंत चालू राहील, व्यवसायाची स्थिती अनुकूल असेपर्यंत.

  हाच कागद अर्ध्या तासापूर्वी मी वाचला होता आणि सही केली होती. शेवटचे चार शब्द माझ्या डोळ्यांखालून गेले होते. हिबाक माझ्यावर विसंबली होती.

“कुणाच्या लेखी अनुकूल?” डुएननं विचारलं.

“हे वाईट आहे,” पॅकिंगमधली एक म्हणाली. अशी, सरळ. मग दुसरी म्हणाली, वाईट आहे. आर्डिस म्हणाली, “फसवणूक आहे ही,” आणि स्वतःच्याच शब्दानं दचकल्यासारखी झाली.

“मी पाहिलं नाही,” मी म्हटलं. “चूक माझी.”

हिबाक उठली. तिनं माझ्या हातातून कागद घेतला नाही. “चल,” ती म्हणाली. “दार तू ठोठाव.”

एकतीस माणसं क्रेगच्या खोलीबाहेरच्या बोळात मावत नव्हती. मी ठोठावलं. क्रेग उभा राहिला, मग बसला. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि त्या चार शब्दांवर बोट ठेवलं.

“ब्रिटा,” तो हळूच म्हणाला, “हे सगळीकडेच लिहितात.”

“नाही,” मी म्हटलं. “खोड.”

त्यानं माझ्या मागे पाहिलं.  मग पेन उचललं, ते चार शब्द खोडले, आणि बाजूला छोटी सही केली.

हिबाक टेबलाशी वाकली आणि ओळ न ओळ बोटानं वाचून काढली. शाई वाळेपर्यंत तिनं कागद उचलला नाही.